जिवंत खाद्य: नाल्यातलं नको, टबातलं हवं

पाळीव माशांच्या बहुतेक दुकानांत काउंटरच्या एका बाजूला पसरट ट्रे ठेवलेला असतो. वरून पाण्याची बारीक धार पडत असते आणि तळाशी लालसर केसांसारखा एक गुंता वळवळत असतो. तो ट्यूबिफेक्स. दुकानदार त्यातला चिमूटभर पिशवीत बांधून देतो. घरी टाकीत सोडला, की एरवी गोळी तोंडात घेऊन थुंकून टाकणारे मासेसुद्धा त्याच्यावर तुटून पडतात आणि आपण खूश होतो. जिवंत खाद्याची सुरुवात अनेक घरांत अशीच होते. माझ्या मते ती इथून होऊ नये.

हा किडा येतो कुठून ते पाहा. ट्यूबिफेक्स चिखलात डोकं खुपसून राहतो आणि शेपटाकडची बाजू पाण्यात हलवत प्राणवायू घेतो. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे, जिथे प्राणवायू जेमतेम असतो तिथेही तो तग धरतो. असं पाणी म्हणजे बहुधा सांडपाणी. नाल्यांतून, गटारांच्या तोंडाशी साचलेल्या गाळातून तो काढतात, धुतात आणि विकतात. त्याच्या आतड्यात त्या नाल्याचा गाळ असतो, गाळात जंतू असतात, आणि नाल्याला कारखान्यांचं पाणी मिळत असेल तर त्याच्या अंगात जड धातूही उतरलेले असतात. वाहत्या पाण्यात दोन-चार दिवस ठेवला तर आतड्यातली घाण निघते. अंगात मुरलेले धातू तसेच राहतात.

तरीही द्यायचाच असेल, तर आणल्या आणल्या टाकीत ओतू नका. पसरट भांड्यात अगदी उथळ पाण्यात ठेवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी बदला आणि तीन-चार दिवसांनी वापरा. जिवंत गुंता बोट लावताच आकसतो. फिकट, करडा, सुटा सुटा झालेला आणि वास येणारा माल सरळ फेकून द्या. टाकीतही तो छिद्रांच्या तरंगत्या कोनातूनच सोडा. नाहीतर माशांच्या तावडीतून सुटलेले किडे वाळूत शिरतात, तिथे मरतात, आणि चार दिवसांनी पाण्यात अमोनिया का वाढला ते कळत नाही.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी करावा लागतो ते खाद्य सोयीचं कसं म्हणायचं? त्यापेक्षा बाल्कनीतल्या एका टबात किंवा प्लास्टिकच्या बाटलीत स्वतः पैदा केलेलं खाद्य स्वस्त पडतं, आणि ते कुठल्या पाण्यात वाढलं हे आपल्याला ठाऊक असतं.

मुळात जिवंत खाद्य हवंच कशाला, असं कुणी विचारेल. रोजच्या जेवणाला चांगल्या प्रतीच्या गोळ्या किंवा फ्लेक्स पुरतात. गप्पी, मॉली, गोल्डफिश त्यावर वर्षानुवर्षं मजेत जगतात. जिवंत खाद्य लागतं ते ठरावीक प्रसंगी. नवीन आणलेला मासा बिथरून काही खात नसेल, तर हलणारं भक्ष्य पाहून त्याचं तोंड उघडतं. नुकती पोहायला लागलेली पिल्लं गोळीचा चुरा ओळखतच नाहीत. त्यांना हलणारा आणि त्यांच्या तोंडात मावणारा जीव लागतो. तिसरा प्रसंग विणीचा. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ते अंडी घालायला. आणि त्याच दिवसांत ओढे-डबकी किड्यांनी, पाणपिसवांनी भरून जातात, म्हणजे पिल्लांच्या तोंडी घास तयार असतो. टाकीतल्या जोडीला आठ-दहा दिवस जिवंत खाद्य आणि त्यासोबत थोडं थंड, ताजं पाणी दिलं, तर अनेक बार्ब, डॅनिओ, टेट्रा अंडी घालायला तयार होतात, कारण आपण त्यांना एक छोटा पावसाळाच दाखवत असतो.

आता बाटलीकडे येऊ. पिल्लांसाठी आर्टेमियाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. ही खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारी चिमुकली कोळंबी. बाजारात येणारी तिची अंडी बरीचशी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधली असतात, पण ती आपल्याला अगदी परकी नाही. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही तिची नोंद झालेली आहे. तळं आटू लागलं, की मादी जाड कवचाची अंडी घालते. ती कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं निद्रिस्त राहू शकतात आणि खाऱ्या पाण्यात पडली की एक-दीड दिवसात फुटतात.

शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून ती उलटी टांगा. तिच्यात एक लिटर पाणी आणि 25 ते 30 ग्रॅम मीठ घाला. मीठ चमच्याने मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावं. खडे मीठ चांगलं. आयोडीनवाल्या मिठाबद्दल बरीच भीती घातली जाते, पण त्यातही अंडी फुटतात. पाणी फार मऊ असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. मग एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडून हवा जोरात चालू करा, अंडी एका जागी बसता कामा नयेत. अंडी घ्यायची एक ग्रॅम, फार तर दोन. एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख अंडी असतात, त्यामुळे घरच्या दोन-चार टाक्यांना एक ग्रॅमसुद्धा जास्तच होतं. बाटलीवर दिवा चालू ठेवा. पाणी 26 ते 28 अंशांवर असेल तर चोवीस तासांच्या आसपास बाटलीत नारिंगी धूळ उडू लागते. मुंबई-कोकणात वर्षाचा बराच काळ एवढी ऊब आपसूकच असते. पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत मात्र छत्तीस तासांपर्यंत वाट पाहावी लागते, किंवा बाटली हीटर लावलेल्या टाकीत बुडवून ठेवावी लागते.

काढताना हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात, आणि पिल्लं प्रकाशाकडे धावतात. म्हणून दिवा खालच्या बाजूला धरायचा. त्यांचा नारिंगी पुंजका जमला, की बारीक नळीने तेवढाच ओढून घ्यायचा. टरफलांशी हयगय करू नका; माशांच्या पिल्लांनी ती गिळली तर आतड्यात अडकतात. दहा मिनिटांचा अर्धा तासही होऊ देऊ नका, हवेशिवाय एवढ्या गर्दीत आर्टेमिया गुदमरून मरतो. ओढलेलं पाणी तलम कापडातून गाळा, गोड्या पाण्याने एकदा खळबळा आणि लगेच खायला द्या. लगेच द्यायचं कारण असं, की फुटल्यानंतर पहिले काही तास हा जीव स्वतः काहीच खात नाही, अंगातल्या बलकावर जगतो. जसजसा बलक संपतो तसतसा तो पोकळ घास होत जातो. उरलेला हलक्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवला तर त्याची वाढ मंदावते आणि दुसऱ्या दिवशीही तो वापरता येतो. गोड्या पाण्याच्या टाकीत आर्टेमिया काही तासच जिवंत राहतो, त्यामुळे एकदम भरपूर ओतण्यात अर्थ नाही.

अंड्यांचा डबा महाग असतो, म्हणून दुकानातून सुटी पुडी घेण्याचा मोह होतो. पावसाळ्यात हा मोह टाळावा. ओल लागलेली अंडी दिसायला तशीच तपकिरी भुकटी असतात, पण फुटत नाहीत. दोन-तीन मित्रांनी मिळून एक सीलबंद डबा घ्यावा, आपापला वाटा हवाबंद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि लागेल तेव्हा बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ देऊन मगच उघडावी.

मात्र रोजच्या वापराला, आणि आपल्या हवामानात, माझी पहिली पसंती मोइनाला. मोइना म्हणजे पाणपिसूची एक लहान जात. तिची थोरली बहीण डॅफ्निया आपल्या उन्हाळ्यात हाय खाते. मोइना मात्र तिशीच्या तापमानातही वाढत राहते. माद्या नराशिवायच पिल्लं देतात. जन्मल्यापासून चार-पाच दिवसांत मादी विते आणि मग दर दीड-दोन दिवसांनी पुन्हा. अशा हिशेबात मूठभर बियाण्याचा टब पंधरवड्यात भरून जातो. बियाणं मासे पैदा करणाऱ्या एखाद्याकडे मिळतं. वाटीभर पाण्यातलं पुरतं.

चाळीस-पन्नास लिटरचा टब सकाळचं कोवळं ऊन येईल, दुपारचं येणार नाही अशा जागी ठेवा. नळाचं पाणी भरून एक-दोन दिवस उघडं ठेवा, कारण क्लोरीन पाणपिसवांना माशांपेक्षाही लवकर मारतं. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं जुनं पाणी वापरलं तर आणखी उत्तम. मोइना खातात पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव: हिरवं शेवाळ, जिवाणू, यीस्ट. उन्हात ठेवलेल्या बादलीतलं हिरवं पाणी हे त्यांचं सर्वोत्तम अन्न. ते नसेल तर कोमट पाण्यात कोरड्या यीस्टची छोटी चिमूट विरघळवून टाका. प्रमाणाची खूण एकच: टबाचं पाणी किंचित गढूळ दिसावं, तळ मात्र दिसत राहावा. पाणी पुन्हा नितळ झालं, की पुढचा घास. टब बुडतो तो जवळजवळ नेहमी जास्त खायला घातल्याने. यीस्ट सडतं, प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत सगळं संपतं. तसं होण्याआधी मोइना इशारा देतात: प्राणवायू कमी पडला की त्यांच्या अंगातही हिमोग्लोबिन वाढतं आणि त्या लालसर दिसू लागतात. तांबूस टब पाहिला की खाणं थांबवा आणि हवेचा हलका बुडबुडा सोडा.

टब भरात आला की रोज पाव हिश्शापर्यंत मोइना काढून घ्याव्यात. न काढल्या तर गर्दी होऊन टब आपणच कोलमडतो. म्हणून एकाऐवजी दोन-तीन लहान टब ठेवलेले बरे. एक गेला तरी बियाणं हातात राहतं. परिस्थिती बिघडली की माद्या नरांशी संयोग करून टणक, काळसर अंडी घालतात. टब सुकला तरी तळाचा गाळ फेकू नका. तो वाळवून डबीत ठेवा, पुढे पाण्यात भिजवला की त्यातून पुन्हा मोइना निघतात.

टबावर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, आणि हे विसरू नका. साचलेलं पाणी दिसलं की डास अंडी घालणारच. डासाच्या अळ्या हे माशांचं फार आवडतं खाणं आहे. भिंतीभिंतीवर रंगवलेली ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा त्याच भुकेच्या भरवशावर उभी आहे. पण अळ्यांची मुद्दाम शेती करण्याच्या मी विरोधात आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि आपल्या उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते याच हिशेबाने. घरोघर भांडी तपासायला आलेल्या कर्मचाऱ्यांना तुमचा ‘माशांसाठीचा’ टब दाखवून काही उपयोग होणार नाही, दंड होऊ शकतो. आणि दंडापेक्षा शेजारच्या घरातलं तापाचं माणूस जास्त वाईट. कुंडीखालच्या ताटलीत अळ्या सापडल्याच, तर गाळून टाकीत टाका आणि ताटली कोरडी करा. स्वल्पविरामाच्या आकाराचे गरगरणारे कोष दिसले तर त्यांच्यात आणि डासात एक-दोन दिवसांचंच अंतर उरलंय असं समजा, आणि टाकीत मासे ते लगेच संपवतील एवढेच टाका.

गावाकडे राहणाऱ्यांना वाटेल, हा टबांचा संसार कशाला? पहाटे तळ्याच्या काठाला पाणपिसवांचे तांबूस ढग दिसतात, जाळी फिरवली की झालं. फिरवा, पण पाणवठा निवडून. ज्या डबक्यात मासे नाहीत ते डबकं बरं, कारण माशांना चिकटणारी जळू, अंगावर चपटी बसणारी माशांची ऊ, मांसात रुतणारा अँकर वर्म, हे सगळे परजीवी जगतात माशांवरच. मासे नसतील तर त्यांचाही संसार चालत नाही. फवारणी होणाऱ्या शेताचं पाणी ज्यात उतरतं ते डबकं मात्र सोडाच. घरी आल्यावर जाळीतला माल पांढऱ्या ताटात ओतून पाहा. चतुराची अळी आणि पाणभुंग्याची अळी पिल्लांच्या टाकीत गेली तर आठवडाभरात पिल्लं मोजायला सोपी जातील. सायक्लॉप्स मोठ्या माशांना चालतात, पण अगदी नवजात पिल्लांना ते इजा करतात, आणि काही जंतकृमी त्यांच्यातूनच माशांच्या पोटात पोहोचतात.

बेटा किंवा गुरामीची पिल्लं पोहायला लागतात तेव्हा आर्टेमियाही त्यांच्या तोंडाला मोठा पडतो. पहिले काही दिवस त्यांना इन्फ्युसोरिया द्यावा लागतो, म्हणजे पॅरामीशियमसारखे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. काचेच्या बरणीत जुन्या टाकीचं पाणी, त्यात टाकीतल्या मॉसचा एक पिळा आणि बोटाएवढं वाळलेलं केळ्याचं साल घाला. आधी पाणी दुधाळ होतं आणि वासही मारतं, ते जिवाणू. चार-सहा दिवसांत दूध नितळतं आणि उजेडाला धरल्यावर बारीक पांढरी धूळ हलताना दिसते. तेव्हा ड्रॉपरने टाकीत सोडायला सुरुवात करावी. हे सगळं नर बुडबुड्यांचं घरटं बांधू लागतो तेव्हाच सुरू करायला हवं. अंडी फुटल्यावर बरणी शोधायला निघालेल्याची पिल्लं उपाशी मरतात.

इन्फ्युसोरिया आणि आर्टेमिया यांच्या मधली पायरी मायक्रोवर्मची. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओट्सची घट्ट लापशी, वर यीस्टची चिमूट, त्यावर चमचाभर बियाणं, झाकणाला सुईने भोकं. चार-पाच दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढतात. बोटाने पुसून घ्यायचे आणि टाकीत बोट बुडवायचं. इतकं साधं काम आहे. दोन-तीन आठवड्यांनी डब्याला आंबूस वास सुटला, की त्यातला चमचाभर नव्या डब्यात लावायचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे किडे तळाला जातात, म्हणून पाण्याच्या वरच्या थरात राहणाऱ्या पिल्लांना ते पुरेसे मिळत नाहीत.

मोठ्या माशांचं सोपं आहे. ऑस्कर, मोठे सिक्लिड, गोल्डफिश यांना गांडूळ मिळालं तर ते खूश असतात. फक्त गांडूळखताच्या वाफ्यातलं लालसर गांडूळ देऊ नका. डिवचल्यावर ते घाण वासाचा पिवळसर द्रव सोडतं आणि अनेक मासे ते थुंकून टाकतात. बागेच्या मातीतलं साधं गांडूळ ओल्या कागदात दिवसभर ठेवा, म्हणजे पोटातली माती निघून जाईल, मग धुऊन तुकडे करून द्या. जिथे रासायनिक खत किंवा कीटकनाशक पडतं तिथलं घेऊ नका. घरात पकडलेलं झुरळ अरोवानाला टाकण्याची हौसही अनेकांना असते. त्या झुरळाने आदल्या रात्री फवारा खाल्लेला नसेल याची हमी कोण देणार? आणि अरोवानासमोर छोटे गोल्डफिश सोडून तमाशा पाहणं हा तर मला कधीच न पटलेला प्रकार. त्या कोंदट टाक्यांतल्या माशांबरोबर रोग येतात, शिवाय गोल्डफिशच्या शरीरातलं थायमिनेज हे द्रव्य ब जीवनसत्त्वातला थायमिन मोडून टाकतं. तेच रोज खाणाऱ्या माशाला पुढे त्याची कमतरता भोवते.

ब्लडवर्मबद्दल एक सूचना पाळणाऱ्यांसाठीच आहे. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची ही लाल अळी. तिच्यातल्या हिमोग्लोबिनची काही माणसांना ॲलर्जी असते. हात खाजतात, डोळे सुजतात, दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होतो. वाळवलेल्या अळीची पूड नाकात जाते तेव्हा हा त्रास जास्त होतो. चिमटा वापरा, डबा तोंडाजवळ उघडू नका.

किती द्यायचं? मोठ्या माशांना आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, त्यांची पोटं नारिंगी आणि गोल दिसेपर्यंत. गोल्डफिशला बद्धकोष्ठ झाल्यासारखं वाटलं तर एक दिवस उपास आणि नंतर मोइना. त्यांचं कवच पचत नाही आणि पोट साफ व्हायला मदत करतं. शेवाळ खाणाऱ्या माशांना, उदाहरणार्थ मलावी सरोवरातल्या म्बुनांना, यातलं बहुतेक काही नकोच. त्यांचं लांबलचक आतडं वनस्पतींसाठी घडलेलं असतं, किड्यांच्या मेजवानीने ते बिघडतं.

गणपतीला किंवा दिवाळीला आठवडाभर गावी जायचं असेल, तर निघण्याच्या दिवशी मोइनाच्या टबातून निम्म्या काढून घ्या, हिरवं पाणी थोडं घाला, जाळी कुठे सुटली नाही ना ते पाहा. मायक्रोवर्मचा नवा डबा दोन दिवस आधी लावून ठेवा. चालू असलेली आर्टेमियाची बाटली रिकामी करा. मोठे, निरोगी मासे आठवडाभर खाण्याशिवाय सहज राहतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना किल्ली दिलीत तर वीज गेली का आणि पंप चालू आहे का एवढंच पाहायला सांगा, आणि खाद्याचा डबा त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून जा.